थांबणारा ड्राइव्ह

आदगोंडाच्या मुस्काटात मी पहिली हानली ती अठ्ठ्याहत्तर सालच्या गणपतीत, जयपाल अण्णांच्या कारखान्यात, बारा मानसांच्या देखत. त्येचा खालचा ओठ दातावर फाटला आन् रगात पांढऱ्या सदऱ्यावर गळलं. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या मी.

मी सयाजी. गाव मलकापूरच्या पलीकडं, कऱ्हाडच्या अंगाला. सतरा वर्सं फौजेत काढली, दुरुस्तीच्या पलटनीत. रणगाड्याचा बुरूज विजेवर फिरतो. तो फिरवनारं यंत्र उघडायचं, त्येची आतडी बाहेर काढायची आन् परत भरायची, ह्ये माजं काम. हवालदार हून घरी आलो तर घरी ऊस बघत बसायचं काय जमंना. मंग सांगलीला जयपाल अण्णांकडं लागलो. अण्णा जैन. बापाची पेठेत हळदीची आडत, पन ह्येंचं चित्त समदं लोखंडात. मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच धरून उभा ऱ्हानारा मानूस, आन् कारखान्यात मातुर दिवसभर कापाकापी. आमी चिडवायचो, "अण्णा, लोखंडाला जीव असता तर तुमचं कसं हो झालं असतं?" हसायचे बिचारे.

त्या अण्णांनी मुंबईच्या लिलावात एक विलायती मिलिंग मशीन धरलं. कागदाच्या पट्टीवर भोकं पाडायची, पट्टी मशीनला खिलवायची, आन् मशीन त्येच्या त्येच्या मनानं चालायचं. आमच्या भागात असलं दुसरं न्हवतंच. बघायला लोनंदपासनं मानसं आली. पन सोळा-सतरा वर्सांचं जुनं धूड. त्येचं टेबल तेलाच्या दाबावर सरकायचं, आन् ते तेल इतकं गळायचं की आमच्या वहाना भिजायच्या. शेवटी ठरलं, तेलाच्या मोटारी काढून फेकायच्या आन् विजेच्या सर्व्हो मोटारी बसवायच्या. मोटार घेनं सोपं. खरा सवाल ड्राइव्हचा. ड्राइव्ह म्हंजी मोटारीला वीज मोजून पाजनारं खोकं. किती जोरात पळ, कवा थांब, ह्ये तेच सांगतं.

खोकी दोन आली. एक पुन्याचं, ते मी बघून आनलेलं. दणकट, जाड तारंचं, उघडलं की समदं डोळ्याला दिसतंय असं. दुसरं बंगळूरचं, ते आदगोंडानं आनलं. आदगोंडा म्हंजी अण्णांचा भाचा, तीस वर्सांचा इंजिनेर, बंगळूरला नोकरी करून परत आलेला. गोड बोलायचा, हळू बोलायचा, आन् त्येच्या त्या हळू बोलन्यानंच माजं डोकं उठायचं.

दोन्ही खोकी आठ-आठ दिवस चालवून बघितली. माजं खोकं एकदा चालू केलं की चालूच. दिवे मिनमिनले, वीज खाली गेली, तरी मोटार मागं हटायची न्हाई. आदगोंडाचं खोकं जरा काय झालं की लाल दिवा लावून गप. एका दिवसात नऊ वेळा थांबलं. नवव्या वेळी मी टाळ्या वाजवल्या.

"आदगोंडा, ड्राइव्ह हाय का माहेरवाशीन? जरा काय झालं की रुसून बसतीय!"

मानसं खो खो हसली. तो हसला न्हाई. म्हनाला, "हवालदार, विजेचा दाब स्थिर ठेवायची पेटी लावली की नऊचे एक होतील. पण थांबणं हाच त्याचा गुण आहे. मोटारीच्या मागे टॅको आहे, ठाऊक आहे ना?"

टॅको मला शिकवतोय! टॅको म्हंजी मोटारीच्या शेपटाला लावलेला बारका जनरेटर. मोटार किती पळतीय ह्ये तो एका बारीक वायरीतनं ड्राइव्हला सांगत असतो.

"ती वायर तुटली तर?" आदगोंडा म्हनाला. "ड्राइव्हला वाटतं मोटार उभीच आहे. मग तो अजून वीज देतो, अजून देतो, आणि मोटार उधळते. माझा ड्राइव्ह वायर तुटली की त्याच क्षणी थांबतो. तुमचा थांबत नाही."

"वायर तुटत न्हाई. मी बसवलेली तर न्हाईच न्हाई."

"रणगाड्यात कधी तुटली नव्हती?"

एवढंच इचारलं त्येनं. सरळ मनानं इचारलं. आन् माजा हात गेला.

का गेला ते मी तवा कुनाला सांगितलं न्हाई. रणगाड्यात तुटली व्हती. एकाहत्तर सालात, लढाईच्या आदल्या महिन्यात, सरावाला. तासगावकडचा गुंडा नावाचा गडी गोळे भरायला आत बसलेला. वायर तुटली आन् बुरूज गरकन फिरला. गुंडा फिरत्या बुरूज आन् रणगाड्याच्या भिंतीच्या मधी सापडला. त्येच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी बाहेर उभा ऱ्हाऊन ऐकला, हिरव्या फांद्या गुडघ्यावर मोडाव्यात तसा. ती वायर मीच जोडलेली व्हती. चौकशीत काय निघालं न्हाई. पन मला ठाऊक व्हतं. आन् ह्यो कालचा इंजिनेर बारा मानसांत नेमकं तिथंच बोट घालतोय. मंग काय करनार? हानली.

अण्णा धावत आले. भाच्याचा ओठ बघितला, माज्याकडं बघितलं. मला वाटलं, चला, नोकरी गेली. पन अण्णा म्हनाले, "भांडून ड्राइव्ह ठरत न्हाई. मशीनसमोर उभा कोन ऱ्हानार हाय? त्येलाच इचारा."

मशीनसमोर उभा ऱ्हानार व्हता कृष्णात. माज्या धाकट्या भैनीचा, अंजनाचा नवरा. मीच त्येला गावाकडनं आनून मशीनवर शिकवला. कारखान्यात मी त्येला 'कृष्णात' म्हनायचो, आरं-तुरं करायचो, आन् घरी गेलो की 'पाव्हनं, जेवा' म्हनायचो. मशीनवर तसला हात मी दुसरा बघितला न्हाई. कापलेल्या लोखंडावरनं उजव्या हाताचं बोट फिरवून, केसाच्या जाडीएवढा फरक सांगायचा. माप लावून बघितलं की तेवढाच निघायचा.

कृष्णातनं दोन्ही खोक्यांकडं नीट बघितलंसुद्धा न्हाई. म्हनाला, "दादा म्हनतील तो."

झालं. माजा ड्राइव्ह ठरला. आदगोंडा ओठाला रुमाल लावून तसाच उभा व्हता. म्हनाला, "कृष्णात, निदान टेबलाच्या वाटेत हात घालू नकोस." आन् निघून गेला.

अंजनाला मारामारी कळली. ती मला चहा देता देता म्हनाली, "दादा, ते मशीन नीट हाय न्हवं? न्हाई, ह्येंच्या हातावरच घर हाय आमचं."

"तुज्या नवऱ्याच्या हाताला ओरखडा येनार न्हाई. मी हाय न्हवं?" मी म्हनलं. माज्या भैनीला मी असं म्हनलं.

पंधरा दिवस मशीन जोडलं. टॅकोची वायर मी सोताच्या हातानं वढली. टेबलाखालनं पुढं आलेल्या बिडाच्या कोपऱ्यावरनं घेतली आन् तिथं पत्र्याच्या पट्टीत दाबून बसवली, म्हंजी लोंबायची न्हाई. चाचणीला मशीन असं चाललं म्हनून सांगू! बटन जरा फिरवलं की टेबल मुंगीच्या चालीनं, पुरं फिरवलं की सपाट्यानं. कृष्णात तर मशीनच्या प्रेमातच पडला. जेवताना पन त्येच्याच गोष्टी.

मशीनची पूजा खंडेनवमीला ठरली. मानसांना बकरं पायजे व्हतं. आमच्याकडं नवीन यंत्र रगात प्यायल्याबिगर सुखानं नांदत न्हाई, असं समदी मानतात. अण्णांनी कान झाकून घेतले. "माज्या दारात जीव जानार न्हाई. कोहळा फोडा, नारळ फोडा, टेबलाखाली लिंबू चिरडा, काय पायजे ते करा." लिंबाची रीत सगळ्यांनाच ठाऊक. नवी मोटार घेतली की चाकाखाली लिंबू ठेवत्यात, तसंच. मशीन पहिल्या चालीला लिंबू फोडतं, म्हंजी त्येची भूक भागती, मंग मानसाला धरत न्हाई.

मशीन हळदी-कुंकवानं माखलं. झेंडूची माळ घातली. आदगोंडाबी आला व्हता, मामानं बोलवलं म्हनून. ओठावर अजून काळा वण. तो मेन स्विचच्या खाली भिंतीला टेकून उभा ऱ्हायला.

नारळ मी घेतला. माजाच मान की. टेबलाखालनं पुढं आलेल्या बिडाच्या कोपऱ्यावर हानला. फुटला न्हाई. आदगोंडा बघतोय ह्ये मला दिसत व्हतं. परत हानला. न्हाईच. "हवालदार, कालचं जेवन कमी पडलं व्हय?" मागनं कुनीतरी म्हनलं आन् हशा झाला. माजं डोकं फिरलं. तिसऱ्या वेळी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून असा घातला, असा घातला की नारळाच्या चिंधड्या उडाल्या. पानी अण्णांच्या टोपीवर. समद्यांनी 'मशीनदेवाच्या नावानं चांगभलं' म्हनलं.

मंग लिंबू. टेबल जिथं संपतं तिथं मशीनला जाड लोखंडी ठोकळा हाय. टेबल आन् ठोकळ्याच्या मधी, तेल लावलेल्या वाटेवर लिंबू ठेवायचं. कृष्णातनं ठेवलं. ते घरंगळलं. परत ठेवलं, परत घरंगळलं. तेलावर ते ठरंना.

"बोटानं धर की रं," मी म्हनलं. "टेबल मुंगीच्या चालीनं आनतो. टेकलं की काढ हात."

कृष्णातनं एकदा आदगोंडाकडं बघितलं. मला ते दिसलं. मला त्येचा राग आला. "घाल रं हात! मी हाय न्हवं?"

त्येनं उजव्या हाताच्या दोन बोटांत लिंबू धरलं. मी बटन केसभर फिरवलं.

टेबल मुंगीच्या चालीनं आलं न्हाई. मोटार किंचाळली आन् ते पाचशे किलोचं धूड एका झपाट्यात ठोकळ्यावर जाऊन आदळलं. समदा कारखाना हादरला. लिंबाचा रस माज्या तोंडावर उडाला, आन् रसाबरूबर रगात. कृष्णात पयल्यांदा वरडलाच न्हाई. तो नुसता बघत ऱ्हायला. हात मनगटापातूर लोखंडात गेलेला, आन् मोटार अजून रेटत व्हती, अजून रेटत व्हती. मी बटन मागं फिरवलं, परत फिरवलं, तिला कशाचीच फिकीर न्हाई. हाडं चुरगाळत्याली ऐकू येत व्हती. मंग तो वरडला. तसं वरडनं मी लढाईतबी ऐकलं न्हाई.

खटकन आवाज झाला. आदगोंडानं मेन स्विच वढला व्हता. मोटार मेली. पन टेबल हातावर तसंच दाबलेलं. ते मागं घ्यायचं म्हंजी खालचा स्क्रू हातानं फिरवायचा. मी पाइपचा पाना घेऊन स्क्रूला भिडलो आन् जीव खाऊन फिरवला, आन् उलटा फिरवला. आजून पुढं दाबला मी. कृष्णातचं डोकं टेबलावर आपटलं, शुद्ध गेली. आदगोंडानं मला छातीत लाथ घालून बाजूला पाडलं, पाना हिसकला आन् टेबल मागं आनलं. हाताच्या जागी जे व्हतं त्येच्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या व्हत्या.

चौघांनी कृष्णातला उचलून अण्णांच्या गाडीत घातला, गाडी मिरजेच्या दवाखान्याकडं सुटली. मी उठलो. आदगोंडा तिथंच उभा व्हता, हात रगातानं भरलेले.

"तू केलंस!" मी म्हनलं. "स्विचखाली कशाला उभा व्हतास? तुला ठाऊक व्हतं! वायरी फिरवल्यास तू!"

"हवालदार, मी हातसुद्धा लावला—"

पाना तिथंच पडला व्हता. पयला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्यालं मला पान्यातनं कळलं. तो पडला. मी छातीवर बसलो आन् तोंडावर बुक्क्या घालत सुटलो, किती घातल्या म्हाईत न्हाई. मानसं वढत व्हती, मी झटकत व्हतो. अण्णा गाडीत गेलेच न्हवते. ते आले आन् आयुष्यात मुंगी न मारलेल्या त्या मानसानं माज्या मुस्काटात खाडकन हानली. मंग सोताच्या तळहाताकडं बघत तिथंच भुईवर बसले आन् पोरावानी रडायला लागले. मी तवा थांबलो.

कृष्णातचा हात मनगटापासनं काढला. आदगोंडा त्याच दवाखान्यात, दुसऱ्या खोलीत, गळ्याचं हाड मोडलेलं, एक डोळा मिटलेला. पोलिसांना त्येनं सांगितलं, मशीनवरनं पडलो.

तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. म्हनलं, ह्येनं वायरी कुठं फिरवल्या ते हुडकून काढतो आन् मंग ह्येला दवाखान्यातच संपवतो. खरंच तसं मनात व्हतं. ड्राइव्ह उघडला, एकेक तार बघितली. समदं जागच्या जागी. मंग टॅकोची वायर धरून मागं मागं गेलो. बिडाच्या कोपऱ्यापाशी आलो, जिथं ती मी पत्र्याच्या पट्टीत दाबली व्हती. पट्टी चेपली व्हती. खाली वायर चपटी हून आतली तार तुटली व्हती. आन् पट्टीत, वायरीच्या फाटलेल्या रबरात, नारळाच्या शेंडीचे केस अडकले व्हते.

त्योच कोपरा. तिसरा घाव.

ते केस मी एकेक करून सोडवून हातात घेतले. गुंडा आठवला. त्येच्या बरगड्या आठवल्या. दुसऱ्या बारीला बी मीच.

दवाखान्यात गेलो. अंजना नवऱ्याला भात भरवत व्हती. मी केस तिच्यापुढं धरलं आन् समदं सांगितलं. नारळ, वायर, रणगाडा, गुंडा, आदगोंडा खरं बोलत व्हता ते, मी बटन फिरवलं ते, पाना उलटा फिरवला ते. मला वाटलं ती मला मारंल. मारायला पायजे व्हतं तिनं.

ती म्हनाली, "ओरखडा येनार न्हाई म्हनला व्हता तुमी." आन् नवऱ्याच्या तोंडात पुढचा घास घातला. कृष्णात डोळं मिटून भात चावत व्हता.

आदगोंडाच्या पायावर डोकं ठेवलं तर तो पाय मागं घेत म्हनाला, "उठा. मी ड्राइव्ह बदलणार आहे. मला एकच हात आहे आता. तुमचे दोन लागतील." माफ केलं, असं तो म्हनला न्हाई. मी त्येची वाटबी बघितली न्हाई.

माजा ड्राइव्ह मी घनानं फोडला. आदगोंडाचं खोकं बसवलं, विजेचा दाब धरून ठेवनारी पेटी बसवली. हात गळ्यात बांधून तो सांगायचा, मी करायचो. एक शब्द उलटा बोललो न्हाई. कार्तिक संपता संपता मशीन उभं ऱ्हायलं. अण्णांनी पूजा ठेवली न्हाई. कृष्णात आला व्हता, धोतराचं फडकं गुंडाळलेला हात सदऱ्यात लपवून. अंजना त्येच्या मागं दारात उभी.

मी टेबलाच्या वाटेत माजा उजवा हात ठेवला. ठोकळ्याला टेकवून, कोपरापातूर.

"हवालदार, वेडेपणा करू नका," आदगोंडा म्हनाला.

"तू टेबल सोड. येऊ दे माज्याकडं." मंग मी कृष्णातकडं वळलो. तोपातूर कारखान्यात मी त्येला कवाच तसं बोललो न्हवतो. "पाव्हनं, ती पक्कड घ्या. टेबल निम्म्यात आलं की टॅकोची वायर तोडा. तुमच्या हातानं."

आदगोंडा हलंना. कृष्णात त्येला म्हनाला, "सोडा." पयलाच शब्द त्येचा, त्या दिवशी कारखान्यात आल्यापासनं. त्येनं डाव्या हातात पक्कड धरली आन् कोपऱ्यापाशी उकिडवा बसला. माज्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत काय व्हतं ते मला वाचता आलं न्हाई. मनात म्हनलं, तोडू दे, आन् न थांबू दे. व्हय, तसंच म्हनलं मी. मला ते पायजे व्हतं.

टेबल सुटलं. धूड माज्याकडं येत व्हतं. पक्कड मिटल्याचा कट् असा बारीक आवाज आला.

लाल दिवा लागला. टेबल जागच्या जागी थांबलं, माज्या हातापासनं चांगलं दीड वीत लांब. साधा धक्काबी न्हाई.

कृष्णात तुटलेली वायर डाव्या हातात धरून दिव्याकडं बघत बसला व्हता, आन् बघता बघता त्येचा चेहरा वाकडा झाला. "थांबलं की ओ दादा," तो म्हनाला. "थांबतंय की ह्ये."

दारात अंजना मटकन खाली बसली. मी हात काढला न्हाई. ठोकळ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडलो, आन् माजा हात तसाच तिथं पडून ऱ्हायला, धड, पाचबी बोटांचा.